हाडाला कामाची सवय लावताना

डाव्या बाजूची खालची दाढ मी २०१९ च्या मे महिन्यात काढली. रूट कॅनॉल करून कॅप बसवलेली होती, ती दाढच उभी चिरली. जिथे काढली तिथे दहा मिनिटांत काम झालं. कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि "दात बसवायचा असेल तर नंतर बघू" म्हणाले. त्या "नंतर"ला मुदत असते हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. जूनला शाळा सुरू झाली, पुढच्या वर्षी करोना आला. तोवर मला उजव्या बाजूने जेवायची इतकी सवय झाली, की डावीकडे खड्डा आहे हेच विसरले.

मी साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षं खेळ शिकवते. मल्लखांब, खो-खो, धावणं. शरीराला न वापरल्याचं काय होतं हे मी मुलांना दरवर्षी सांगते. आपल्या जबड्यालाही तोच नियम लागू आहे हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

२०२३ च्या दिवाळीनंतर वरची दाढ लांब झाल्यासारखी वाटायला लागली. खाली अडवायला कुणी नसलं की वरचा दात हळूहळू खाली उतरतो, आणि शेजारची दाढ मोकळ्या जागेत कलते. तिथे पालेभाजीचे धागे अडकून हिरडी सुजायची. शेवटी गेले ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे. दहावीला माझ्या खो-खो संघात होती, आता इम्प्लांटमध्ये, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याच्या कामात, पुढचं शिक्षण घेऊन दवाखाना चालवते. ती मला "बाई" म्हणते, मी तिला "अगं तू" म्हणते, तिच्या मदतनीस मुलीसमोरसुद्धा. जीभ वळतच नाही.

तिने सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा सगळ्या बाजूंनी काढलेला एक्स-रे, करून घेतला आणि पडद्यावर जबड्याचे उभे काप दाखवले. उजवीकडे हाडाचा माथा रुंद, भरलेला. डावीकडे गालाच्या बाजूने पावसाने बांध खचावा तसं हाड आत बसलेलं. माथ्याची रुंदी ६.२ मिलिमीटर. खाली ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापर्यंतची उंची १३ मिलिमीटर.

"हे हाड गेलं कुठे?" मी विचारलं.

"शरीराने परत घेतलं, बाई. दातांभोवतीचं हाड दातांसाठीच असतं. दात गेला, की त्याला कामच उरत नाही."

दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात हाडाची रुंदी साधारण निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच जातो, असं तिने सांगितलं. चावण्याचा दाब थांबतो हे एक कारण. दुसरं म्हणजे मुळाकडून हाडाच्या पातळ भिंतीला होणारा रक्तपुरवठाही दाताबरोबर तुटतो. गालाकडची भिंत सगळ्यात पातळ, म्हणून ती आधी खचते. मी चार वर्षांनी गेले होते, म्हणजे जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं. मला खरंच वाईट वाटलं. २०१९ मध्ये कुणी एक वाक्य जास्त बोललं असतं तर मी त्याच सुट्टीत पुढचं काम करून घेतलं असतं.

हाडाचं हे वागणं जुनंच माहीत आहे. बर्लिनचे सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं, की हाडावर जसा भार येतो तशी त्याची आतली रचना बदलत जाते. आमच्या मैदानावर हे रोज दिसतं. आठवीतला एक मुलगा मल्लखांबावरून पडला होता. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं तेव्हा तो हात दुसऱ्या हातापेक्षा डोळ्यांना दिसण्याइतका बारीक झालेला. स्नायू तर गेलेच, आतलं हाडही विरळ होतं. अंतराळात राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक-दीड टक्क्याने उतरते, कारण तिथे वजनच नसतं. उलट, टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं दंडाचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. माणूस तोच, रक्त तेच, फरक फक्त भाराचा.

मग तिने प्रिस्क्रिप्शनच्या कोऱ्या बाजूवर एक आडवी रेघ ओढली आणि तिचे चार भाग पाडले. अमेरिकन सर्जन हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९८७ मध्ये हाडाच्या या हिशोबाला "मेकॅनोस्टॅट" असं नाव दिलं. घरात तापमान राखणारं यंत्र असतं, तसं हाडात भार राखणारं. भाराने हाड किंचित दबतं, वाकतं. हे दबणं मोजायचं एकक म्हणजे मायक्रोस्ट्रेन: एक मीटर लांबीची वस्तू एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी दबली, की एक मायक्रोस्ट्रेन. साधारण दोनशेच्या खाली दबणं राहिलं तर हाड स्वतःला कमी करतं. तिथपासून दीड हजारापर्यंत आहे तसं राहतं. दीड ते तीन हजारांत नवं हाड घालतं. तीन-चार हजारांच्या वर भार सतत येत राहिला तर सूक्ष्म चिरा पडण्याचा वेग दुरुस्तीच्या वेगापेक्षा वाढतो. पंचवीस हजारांच्या आसपास हाड मोडतंच. हे आकडे मुख्यतः हातापायांच्या हाडांवरून आलेले आहेत. जबड्यात स्क्रूच्या प्रत्येक आट्यापाशी ते तसेच्या तसे मोजता येत नाहीत, हेही तिने लगेच सांगितलं. पण ती रेघ माझ्या डोक्यात बसली. कमी भारानेही हाड जातं, अति भारानेही जातं. आपल्याला मधल्या पट्ट्यात राहायचंय.

इम्प्लांट बसवला तो २०२४ च्या संक्रांतीनंतर. ४ मिलिमीटर जाड, १० मिलिमीटर लांब, टायटॅनियमचा. भूल दिल्यावर दुखलं काहीच नाही, फक्त जबडा हादरत होता. ड्रिल मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच सावकाश फिरत होतं आणि त्यावर थंड सलाइनची धार सतत चालू होती. मदतनीस मुलीचा हात जरा हलला आणि धार बाजूला गेली, तेव्हा डॉक्टरने ड्रिल लगेच थांबवलं. हाड एक मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसला तापलं तरी तिथल्या पेशी मरायला लागतात, आणि मेलेल्या हाडात इम्प्लांट धरत नाही. शेवटी रॅचेटने पिळताना ठरलेल्या जोराला "कट्ट" असा आवाज आला. ३५ न्यूटन सेंटिमीटर. गालाकडे हाड कमी होतं तिथे थोडी हाडाची पूड घातली, वर धातूचं बुटकं टोपण बसवलं आणि टाके घातले.

टाके घालायच्या आधी तिने इम्प्लांटवर एक छोटी खुंटी लावली आणि पेनासारखं यंत्र तिच्याजवळ धरलं. यंत्र खुंटीला न शिवता तिला थरथरवतं आणि थरथर किती वेगाची आहे त्यावरून पकड मोजतं. १ ते १०० असं माप असतं, आयएसक्यू म्हणतात. माझा आकडा ७१ आला.

"म्हणजे घट्ट आहे ना? मग आजच दात लाव की," मी म्हणाले. रस्त्यावर "एका दिवसात पक्के दात" असे फलक मीही वाचलेले होते.

"आज घट्ट आहे तो स्क्रू लाकडात घट्ट बसतो तसा, बाई. हाडाने अजून त्याला धरलेलं नाही."

समोरच्या दातांना, किंवा बरेच इम्प्लांट एकमेकांना बांधलेले असतील तर, त्याच दिवशी दात लावता येतात. ती स्वतःही लावते. पण एकटी दाढ, मध्यम दर्जाचं हाड आणि वर घातलेली पूड, अशा ठिकाणी ती घाई करत नाही. इम्प्लांट भरून येत असताना तो हाडात साधारण १०० ते १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचं आवरण तयार होतं आणि तो कायमचा सैल राहतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे दीड-दोन केसांइतकी हालचाल, एवढ्यावर सगळं अवलंबून.

हाड टायटॅनियमला धरतं हे समजलं तेही भलत्याच कामातून. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून रक्ताभिसरण बघत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिला चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. त्याच्या जबड्याची ठेवण जन्मतःच बिघडलेली होती. ते इम्प्लांट तो २००६ मध्ये वारला तोवर, चाळीस वर्षांहून जास्त, चालले. ब्रोनेमार्क सुरुवातीला खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने काहीच भार येऊ देत नसत. हे मी त्याच रात्री गालावर बर्फ धरून वाचलं, आणि तिने मला थांबायला सांगितलेले चार महिने फार वाटेनासे झाले.

चौथ्या आठवड्यात चूक माझ्याकडून झाली. दिरांच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो, हंगाम संपत आला होता. ताटात हुरड्याबरोबर भाजलेले शेंगदाणे होते. बोलता बोलता एक दाणा डावीकडे गेला आणि तो धातूच्या टोपणावर चावला गेला. "टक्" असा आवाज थेट कानात आला. दुखलं नाही. पण माझ्या हातातली बाकीची मूठ तशीच खाली ठेवली गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात टोपण काढून तिने पुन्हा खुंटी लावली. यंत्राने दोनदा आवाज केला. ६३.

मला वाटलं संपलं. ७१ चे ६३, आणि तेही माझ्या एका दाण्यामुळे. तिने आधी इम्प्लांटला आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून बघितलं. आवाज स्वच्छ आला, भांड्यावर चमचा वाजावा तसा. सैल झालेला असता तर बद्द आला असता. मग खुर्ची माझ्याकडे ओढून बसली.

"हे दाण्यामुळे नाही झालं. तीन-चार आठवड्यांत आकडा पडतोच. पहिल्या दिवशी ज्या हाडाने दाबून धरलं होतं, त्याला इजा झालेली असते. ते हाड खाणाऱ्या पेशी आता साफ करतायत. हाड घडवणाऱ्या पेशींनी कामाला सुरुवात केलीय, पण त्यांचं हाड अजून कच्चं आहे, विणलेल्या जाळीसारखं. जुनी पकड सुटतीय आणि नवी पुरती आलेली नाही, असा हा काळ आहे."

हे मला लगेच समजलं. शाळेत मे महिन्यात जुने शिक्षक निवृत्त होतात, नवे जूनच्या मध्यावर रुजू होतात, आणि मधले पंधरा दिवस वर्गाला कुणीच नसतं. त्याच पंधरवड्यात काचा फुटतात. तिचं म्हणणं इतकंच होतं, की एका दाण्याने काही बिघडलं नसेल, पण रोज दाणे खाल्ले तर बिघडेल. त्यानंतर तीन महिने माझ्या ताटात डावीकडे काही गेलं नाही. घरच्यांनी चकली, कडक लाडू सगळं माझ्यासमोरून हलवलं. सासूबाई रोज भाकरी दुधात कुस्करून द्यायच्या, मी लहान असल्यासारखी.

मे महिन्यात आकडा ७६ आला. तिच्यापेक्षा मीच मोठ्याने हसले.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फलकांवर तो कधी नसतो.

मला वाटलं होतं, आता कायमचा दात बसेल आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं खायचं. तिने आधी प्लास्टिकसारखा, अॅक्रिलिकचा तात्पुरता दात लावला, तोही किंचित बुटका, वरच्या दाढेला न टेकणारा. पहिले तीन आठवडे वरणभात, खिचडी, मऊ पोळी. मग त्याच दातावर थोडं अॅक्रिलिक चढवून तो हलका टेकवला, आणि पोळीभाजी. मग भाकरी. अशा दोन महिन्यांत पायऱ्या चढवल्या. असं पायरीपायरीने नेणं सगळ्यांनाच लागतं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. घट्ट हाडात कदाचित गरजही नसेल. पण नव्या हाडावर पूड घातलेली असताना तिला हाच रस्ता बरा वाटत होता.

मला पटवून द्यावं लागलं नाही. आमच्याकडे दर भरतीच्या आधी पोलीस भरतीची मुलं पहाटे मैदानावर येतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. वर्षभर बसून राहिलेला मुलगा जाहिरात निघाली की पहिल्याच दिवसापासून डांबरी रस्त्यावर रोज आठ-दहा किलोमीटर पळायला लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी धरून बसतो. नळीच्या हाडात बारीक चीर गेलेली असते, एक्स-रेमध्ये सुरुवातीला दिसतही नाही. प्रशियाच्या सैन्यातल्या डॉक्टरने असंच दुखणं १८५५ मध्ये कवायत करणाऱ्या शिपायांच्या पावलात नोंदवलं होतं. त्या मुलाचं हाड मुळात कमजोर नसतं. भार वाढला तो हाडाच्या दुरुस्तीच्या वेगापेक्षा लवकर वाढला. वर्षानुवर्षं मी त्या मुलांना सांगत आलेय, आठवड्याला थोडंथोडं वाढवा, मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवा. माझ्या दाढेला तोच तक्ता मिळाला होता.

भाराची जातही महत्त्वाची. १९८० च्या दशकात रुबिन आणि लॅन्यन या संशोधकांनी पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर प्रयोग केले. हाडाला कामातून पूर्ण मोकळं केलं तर ते झिजलं. दिवसाला फक्त चार वेळा थोडा भार दिला तर झीज थांबली. छत्तीस वेळा दिला तर हाड वाढलं, आणि त्याहून जास्त दिल्याने आणखी फायदा झाला नाही. नुसता भार ठेवून देण्याने मात्र हे घडत नाही, तो येऊन-जाऊन असावा लागतो. चावणं नेमकं तसंच असतं, घास येतो, दाब येतो, सुटतो. म्हणून दोन घास भाकरी डावीकडे चावणं हे माझ्यासाठी औषध होतं. तात्पुरता दात बसल्यावरही मी सवयीने उजवीकडेच खात होते, त्याबद्दल तिने मला दोनदा रागावलं.

कायमची कॅप बसली ती जुलैत. त्या दिवशीची एक गोष्ट मी अजून विसरलेले नाही. तिने आधी दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावलं, ठिपके बघितले, बारीक बर्रने घासलं, पुन्हा कागद, पुन्हा घासणं. मग चिमट्यात चांदीसारखी चकचकीत, केसाहूनही पातळ पट्टी आणली. ८ मायक्रॉनची. ती इम्प्लांटवर ठेवून म्हणाली, "हलकेच टेकवा." टेकवलं. तिने ओढली, पट्टी सरकून बाहेर आली. "आता जोरात आवळा." आवळलं. तिने ओढली, पट्टी अडकली. शेजारच्या नैसर्गिक दाढेवर मात्र हलक्या टेकण्यालाच पट्टी अडकत होती.

मला वाटलं, आपल्या कॅपला काही कमी पडलं. पण हे मुद्दाम केलेलं असतं. खऱ्या दाताच्या मुळाभोवती सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीची तंतूंची गादी असते. चावताना दात त्या गादीत २५ ते १०० मायक्रॉन हलतो. इम्प्लांट थेट हाडात, गादी नाही, तो जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन हलतो. दोघांना सारख्या उंचीवर ठेवलं, तर जोरात आवळल्यावर खरे दात खाली दबतात आणि सगळा भार एकट्या इम्प्लांटवर येतो. म्हणून त्याला थोडा मागे ठेवायचा. जोर आला की बाकीचे दात दबून त्याच्या पातळीला येतात आणि मग सगळे मिळून भार उचलतात. त्या गादीत मज्जातंतूही असतात. भाकरीत बारीक खडा आला तर खरा दात २० मायक्रॉनचा फरकही ओळखतो आणि जबडा आपोआप थांबतो. इम्प्लांटला ५० च्या आसपास लागतात. जबडा कधी थांबवायचा हे त्याला उशिरा कळतं. माझ्या वयाच्या माणसाच्या दाढांवर आवळताना सहज पाचशे न्यूटनचा, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्याइतका जोर येऊ शकतो.

तरीही अडचण आलीच. २०२५ च्या मार्चमध्ये, दहावीची परीक्षा चालू असताना, जेवताना डावीकडे काहीतरी किंचित हलल्यासारखं वाटलं. जिभेने ढकललं तर बारीक टिकटिक. त्या रात्री मला झोप लागली नाही. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. दोन महिने मी त्यांच्याजवळ रात्री जागतच होते, आणि सकाळी उठल्यावर कानाजवळ जबडा दुखायचा. त्या दोन गोष्टींचा संबंध मी जोडला नव्हता.

इम्प्लांट शाबूत होता. त्याच्यावर कॅप धरणारा आतला स्क्रू सैल झाला होता. पण एक्स-रेमध्ये इम्प्लांटच्या मानेपाशी, म्हणजे त्याच्या वरच्या टोकाशी, हाड जवळजवळ एका आट्याने, ०.९ मिलिमीटर, खाली उतरलेलं होतं. स्वीडनच्या अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये घालून दिलेल्या निकषांनुसार, पहिलं वर्ष झाल्यावर वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी उतार असावा. पहिल्या वर्षी दीडेक मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. म्हणजे आकडा हाताबाहेरचा नव्हता. पण अजून चार महिने बाकी होते, आणि स्क्रू सैल होणं ही इशाऱ्याची घंटा असते, असं ती म्हणाली. तिने माझ्या पुढच्या दातांच्या कडा दाखवल्या, काचेसारख्या गुळगुळीत झिजलेल्या. मी झोपेत दात आवळत होते.

झोपेतलं आवळणं वाईट ते यासाठी, की मध्ये घास नसतो, जोर जागेपणापेक्षा जास्त असू शकतो, जबडा आडवा सरकतो आणि ते कितीतरी वेळ चालतं. आडव्या जोराने इम्प्लांट वाकायला बघतो आणि ताण साठतो तो मानेपाशी, पहिल्या एक-दोन आट्यांवर. टायटॅनियम हाडापेक्षा सहा-सात पट ताठ, त्यामुळे दोघांमधला ताण तिथेच एकवटतो.

मी विचारलं, "मग हाड आवळण्यानेच उतरलं का?" तिने हो म्हणून मोकळं व्हायचं टाळलं. १९९६ मध्ये इसिडोर यांनी माकडांमध्ये मुद्दाम उंच दात लावले, तेव्हा काही इम्प्लांट हाडातून पूर्ण सुटले. पण २००४ मध्ये कुत्र्यांवर तसाच जादा भार आठ महिने देऊन पाहिला, तर हिरड्या स्वच्छ ठेवलेल्या असताना हाड गेलं नाही. दोन्ही प्रयोग नीट केलेले. मग तिने माझ्या हिरडीजवळ बारीक सळई फिरवली. रक्ताचा एक थेंब आला. त्या दोन महिन्यांत रात्रीचं ब्रश करायलाही मी विसरत होते. जंतूंमुळे आलेली सूज आणि भार, दोन्ही तिथे एकत्र होते. कुणाचा वाटा किती हे तिने सांगितलं नाही, दोन्हींवर उपाय केला. मला तिचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटला. खो-खोत पाठीला हात लागला की नाही हे पंचांनी विचारायच्या आधी स्वतःच सांगणारी मुलगी होती ती.

तिने कॅप काढून आत सगळं स्वच्छ केलं आणि नवा स्क्रू ठरलेल्या जोराने बसवला. कॅपचा माथा थोडा अरुंद केला, उंचवटे उतरते केले, म्हणजे जोर सरळ खाली जाईल. रात्री घालायला नाइट गार्ड दिला, वरच्या दातांवर बसणारा कडक पारदर्शक साचा. पहिले आठ दिवस तो तोंडात ओझ्यासारखा वाटला. आता तो नसला तरच चुकल्यासारखं वाटतं. दातांच्या मध्ये फिरवायचा बारीक ब्रश आता माझ्या चष्म्याच्या घरात असतो. सुपारी घरातूनच गेली, ती मी आधी संकष्टीच्या पानाबरोबर हमखास खायची.

सासूबाई मे महिन्यात गेल्या. जुलैत कॅप बसवल्याला वर्ष झालं तेव्हा पुन्हा एक्स-रे काढला. मार्चचा आणि हा असे दोन्ही शेजारी ठेवून तिने मला दाखवले. मानेपाशी हाड जिथे होतं तिथेच होतं, आणखी उतरलं नव्हतं. आट्यांच्या कडेकडेने मार्चमध्ये धूसर दिसणारी रेघ आता पांढरी आणि ठळक झाली होती. "हे हाड कामाला लागलंय," ती म्हणाली आणि बोटाने ती रेघ खालपर्यंत नेऊन दाखवली. मी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्या पांढऱ्या रेघेत माझ्या वर्षभराच्या भाकऱ्या होत्या.

त्याच भेटीत तिने उजवीकडची वरची शेवटून दुसरी दाढ हलवून बघितली. पाच वर्षं सगळं जेवण एकटीने चावून ती थकली आहे, आणि तिच्या मुळाशी पू आहे. काढावी लागेल. वरच्या जबड्याचं हाड खालच्यापेक्षा मऊ असतं आणि वर सायनसची पोकळी असते, त्यामुळे तिथे थांबणं जास्त, सहा महिने तरी. या वेळी मी खुर्चीतून उठले नाही. दाढ काढायच्या आधी विचारलं, "खड्ड्यात पूड त्याच दिवशी भरायची का? हाड किती राहील? मला कधी यायचंय?" तिने स्कॅनची चिठ्ठी लिहिली आणि तारीख मी सांगितली, सहामाही परीक्षेनंतरचा पहिला सोमवार.